घरात पथ्य जमतं, चारचौघांत कसं जमवता?

रानजाई:

नमस्कार मंडळी, इथे बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी सहज म्हणून रक्त तपासलं तर एचबीएवनसी ६.१ आलं. म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर, ५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटिस म्हणतात तसं. डॉक्टर म्हणाले आत्ता गोळी नको, खाण्याकडे बघा, रोज चाला, तीन महिन्यांनी भेटा. मी घाबरले आणि मग वाचतच सुटले. चहातली साखर गेली, कोल्ड्रिंक गेलं, पॅकेट फोडून खायच्या वस्तू घरात आणणं बंद, भाज्या आणि कडधान्यं वाढवली, रात्रीचं जेवण आठच्या आत. तीन महिन्यांनी ५.८. आणि खरं सांगायचं तर आता ते भीतीपोटी राहिलेलं नाही, मला मनापासून पटलंय. दुपारी जेवल्यावर जी गुंगी यायची ती येत नाही, पोट हलकं असतं. हे सोडायचं नाहीये मला.

घोडं अडतं ते घराबाहेर. ऑफिसात टीममध्ये आम्ही अठरा जण, त्यामुळे सतत कुणाचा तरी वाढदिवस, नाहीतर प्रमोशन, नाहीतर कुणीतरी सोडून चाललंय. मी नको म्हटलं की ठरलेलं, आधी 'तू कुठे जाड आहेस?', मग 'एका तुकड्याने काय होतंय', आणि शेवटी कुणीतरी प्लेट हातात कोंबतंच. दोनदा तर टिश्यूत गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला केक आणि विसरले. मुंग्यांनी सापडून दिला.

पण ते जाऊ दे. खरं लागलंय ते वेगळंच. नणंदेने नवीन घर घेतलं म्हणून सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मी विचार केला उगाच कुणाला त्रास नको, माझा डबा मी घेऊन जाते. डबा उघडला, नणंद काही बोलली नाही, फक्त डब्याकडे बघितलं आणि आत गेली. तिच्या सासूबाईंनी विचारलं काय गं, बरं नाही का? तिथे गप्प बसायचं सोडून मी सुरू झाले. साखर, मग तेच तेल परत परत तापवलं तर काय होतं, मग ती २०१९ ची अमेरिकेतली स्टडी, की वीस माणसांना दोन आठवडे फॅक्टरीत बनलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खायला दिलं तर फॅक्टरीवाल्या आठवड्यांत ती रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती आणि सरासरी एकेक किलोच्या आसपास वजन वाढलं. हे सगळं मी सांगत होते तेव्हा समोर सगळ्यांच्या हातात बिस्किटं होती. कुणी खाईना, कुणी खाली ठेवेना.

परत येताना नवरा म्हणाला, तू जेवायला गेली होतीस की इन्स्पेक्शनला?

त्यानंतर नणंदेचा फोन नाही. मागच्या रविवारी ती सगळी भेटली, आम्हाला फोटो बघून कळलं. आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? पटलंय ते सोडून सगळ्यांबरोबर खायचं, की आपल्या मतावर ठाम राहून एकटं पडायचं? मधला काही रस्ता कुणी काढलाय का?


घड्याळजी:

ऑफिसचं आधी सांगतो कारण त्यात मी मुरलेला आहे. तुम्ही नको कसं म्हणता यावर सगळं आहे. 'मला चालत नाही' असं म्हणालात की समोरचा म्हणणारच, अहो आजच्या दिवस चालवून घ्या. म्हणजे तुमच्यावर कुणीतरी बंदी घातलीये आणि आपण ती एक दिवस उठवतोय असं त्याला वाटतं, पुण्यच करतोय तो. 'मी खात नाही' यात बंदी नाही, तो तुमचा निर्णय झाला, त्यात घालायला बोट मिळत नाही. यावर २०१२ ला एक प्रयोग छापून आलेला, व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅग्टवेट यांचा. लोकांना मोहाच्या वेळी मनात काय म्हणायचं ते शिकवलं आणि जाताना दारात चॉकलेट बार आणि ग्रॅनोला बार यातलं एक उचला म्हणाले. 'खात नाही' वाल्यांतल्या ६४ टक्क्यांनी ग्रॅनोला उचलला, 'खाता येत नाही' वाल्यांतल्या ३९ टक्क्यांनी. आता ग्रॅनोला बार म्हणजे फार आरोग्य असंही नाही, पण मुद्दा कळला असेल.

दुसरं, रिकाम्या हाताने उभं राहू नका. हातात चहाचा कप किंवा पाण्याचा ग्लास असला की प्लेट कोंबायला जागा उरत नाही. तिसरं, टेबलाला चिकटून उभं राहू नका, दाराशी उभं राहून गप्पा मारा. चारचौघांत माणूस एकट्यापेक्षा जास्त खातो, हे जॉन डी कॅस्ट्रो नावाच्या संशोधकाने लोकांना काय खाल्लं, कुणाबरोबर खाल्लं ते लिहायला लावून दाखवलंय. साधं कारण आहे, गप्पा लांबतात, बसणं लांबतं, हात चालू राहतो.

आणि जाताना उपाशी जाऊ नका. उपाशी माणसाला तत्त्वं नसतात.

घरच्यांचं मला विचारू नका, तिथे मीही मार खातो.


सुगरण_नव्हे:

रानजाई, तुझा धागा वाचून राग आला आणि दयाही आली म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

मी सुगरण नाही, नावातच लिहिलंय, पण पंधरा वीस माणसांचा स्वैपाक वर्षातून चार पाच वेळा करते. तुला माहितीये का त्या दिवशी काय होतं? आदल्या रात्रीपासून ओट्याशी उभं, सकाळी कुणीतरी फोन करून सांगतं आणखी दोघं येतायत, भाजीत मीठ जास्त पडतं मग ती वाढवायची, गॅस संपतो, आणि दुपारी एकदाचे सगळे बसले की यजमानीण सगळ्यांच्या तोंडाकडे बघते. त्यात एक जण पिशवीतून डबा काढतो. काय वाटतं सांगू? मी दिवसभर जे केलं ते याला विषासमान आहे असं वाटतं. तुझ्या मनात तसं नसेल, त्रास नको म्हणून आणलास हे मला इथे वाचून कळलं, तिला कुठून कळणार?

आमच्याकडे एक मावस दीर येतात, त्यांचं पथ्य तुझ्यापेक्षा कडक. ते आदल्या दिवशी फोन करतात, म्हणतात वहिनी उद्या येतोय, माझ्यासाठी वेगळं काही करू नका, फक्त फोडणी घालायच्या आधी भाजी एका वाटीत काढून ठेवा आणि काकडी टोमॅटो असेल तर चिरून द्या, आणि हो, काकडी मीच चिरतो. येतात, खरंच चिरतात, ओट्याशी उभं राहून गप्पा मारतात, मग पानात बसल्यावर त्या सॅलडचं असं कौतुक करतात की बाकीचे पण मागतात. आजपर्यंत मला त्यांचा राग आला नाही. गोड ते खात नाहीत हे मला चार वर्षांनी लक्षात आलं बघ!

यजमानणीला तुझ्या पोटात काय गेलं याचं घेणंदेणं नसतं गं. माणूस आपल्या घरी खुशीत बसला एवढं तिला दिसलं की झालं. एक फोन केला असतास तर डब्याची गरजच नव्हती.


दीडशहाणा:

मुंग्यांनी सापडून दिला हे वाक्य फ्रेम करून लावायला पाहिजे.

आता जरा हिशोब करू. टीम अठरा जणांची. म्हणजे वर्षाला अठरा वाढदिवस, ३६५ भागिले १८, साधारण वीस दिवसांनी एक तुकडा. प्रमोशन निरोप धरून दहा दिवसांनी एक म्हणा. एचबीएवनसी काय मोजतं? तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना किती साखर चिकटली त्यावरून मागच्या दोन तीन महिन्यांचा अंदाज येतो. म्हणजे त्याला तुमचा मंगळवारचा केक दिसत नाही, तुमची रोजची सवय दिसते. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं मार्गदर्शन घ्या, वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाच. २००० कॅलरी खाणाऱ्याला दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम, बारा चमचे. तुम्ही चहा कोल्ड्रिंक सोडून तिथे आधीच किती वाचवलीये बघा, ३३० मिलीच्या एका कोलाच्या कॅनमध्येच साधारण ३५ ग्रॅम असते. तेव्हा दहा दिवसांनी दोन घास केक खाल्ल्याने तुमचं ५.८ काही कोसळत नाही.

त्यामुळे तुमचे ऑफिसवाले 'एका तुकड्याने काय होतंय' म्हणतात ते गणिताने बरोबर आहेत. (हे वाक्य माझ्या बायकोला दाखवू नका.)

ता. क. मध आणि फळांचा रस पण त्याच यादीत येतो बरं का, वरच्या साखरेतच. मध घातलाय म्हणून हेल्दी म्हणत चार चमचे ओतणारे लई बघितलेत.


रानजाई:

@दीडशहाणा गणित मान्य पण एक तुकडा खाल्ला की पुढच्या वेळी 'तेव्हा तर खाल्लास की' हे ऐकावं लागतं त्याचं काय? आणि मला स्वतःलाच एक खाऊन थांबता येत नाही, हे लिहायला लाज वाटतेय पण आहे तसं आहे. पूर्ण बंद मला सोपं जातं, थोडंसं जमत नाही.

@सुगरण_नव्हे ताई तुमचं वाचून रडू आलं. फोन करायचा हे सुचलंच नाही हो. मला वाटत होतं डबा नेला म्हणजे मी शहाणी.


अर्धाकप:

मी टाइप टू, चौदा वर्षं झाली, आता इन्शुलिनवर आहे. वर जे बोललं गेलं नाही ते बोलतो.

मी नको म्हणालो तर कुणी काही म्हणत नाही. उलट लोक स्वतःहून प्लेट बाजूला घेतात, अरे त्यांना देऊ नका त्यांना शुगर आहे. मला आजार आहे म्हणून मला सूट. रानजाईंना आजार नाही, नुसतं पटलंय, म्हणून ते नखरे. म्हणजे आजारी पडल्यावर केलं तर पथ्य आणि आजारी पडू नये म्हणून केलं तर शिष्टपणा. मी पस्तिसाव्या वर्षी असं वागलो असतो तर आज कदाचित सुई टोचत बसलो नसतो, पण तेव्हा मीच अशा लोकांची सगळ्यात जास्त टिंगल करायचो. ऑफिसातली प्लेट कोंबणारा माणूस असतो ना, तो मी होतो.

काही लोक सुचवतील की सरळ थाप मार, डॉक्टरांनी बंद केलंय म्हण. नका करू. एक तर तुमच्या बाबतीत ती अर्धी खरीच आहे त्यामुळे सांगायचं तर नीट सांगा, 'बॉर्डरवर आलेय, तीन महिने सांभाळतेय', बस. आणि थाप मारलीत तर तिच्या मागून उपचारांची रांग लागते. मला आजवर किती पानं, मुळं, बिया, पावडरी आणून दिल्यात लोकांनी याची गणती नाही. प्रेमाने देतात, नाही म्हणवत नाही, कपाट भरलंय.

तसंच ते 'खास तुमच्यासाठी शुगरफ्री' प्रकरण. साखर काढली पण मैदा आणि तूप तेवढंच, किंबहुना जास्त. ज्यांना डायबेटिस नाही अशांनी वजन आटोक्यात ठेवायला बिनसाखरेच्या गोडव्यावर विसंबू नये असं आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये म्हटलंय, तेव्हा रानजाई, कुणी तो मधला मार्ग म्हणून पुढे केला तर भुलू नका.

घड्याळजी, उपाशी जाऊ नका हे तुम्ही चांगलं सांगितलंत. माझ्यासारख्याने इन्शुलिन घेऊन जेवण लांबवलं तर साखर खाली येते, हात थरथरतात, घाम फुटतो, आणि मग तीच बाजूला सारलेली साखर चमच्याने तोंडात घालावी लागते. एकदा एका लग्नात जेवण अडीच तास उशिरा सुरू झालं, वधूपक्षाचा एक पोरगा माझ्यासाठी सरबत शोधत पळत होता. तेव्हापासून माझ्या खिशात दाणे आणि दोन चॉकलेटं. डबा नाही हो, खिसा. खिशातलं कुणाला दिसत नाही आणि कुणाचा अपमान होत नाही.

'थोडंसं जमत नाही' यात लाजायचं काही नाही. काहींना थोडं खाऊन थांबता येतं, काहींना नाही. तुम्ही दुसऱ्यातल्या, मी पण.


कोपऱ्यातला:

मी दुसऱ्या टोकाला जाऊन आलोय म्हणून लिहितो. आधी साखर सोडली मग मैदा मग तळलेलं मग बाहेरचं मग दुसऱ्याच्या घरचं, कारण तिथे तेल कुठलं वापरलंय कुणास ठाऊक. प्रत्येक सोडलेल्या गोष्टीबरोबर मला मी जरा जास्त शुद्ध वाटायचो आणि बाकीचे जरा जास्त गबाळे. मित्राने बोलावलं की पोट बिघडलंय म्हणायचं, मग ते म्हणायचीही गरज राहिली नाही कारण बोलावणंच थांबलं. दोन वर्षांनी माझे सगळे रिपोर्ट अगदी स्वच्छ होते आणि शनिवारी रात्री फोन करायला एक माणूस नव्हता.

याला नाव आहे हे खूप उशिरा कळलं. स्टीव्हन ब्रॅटमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया हा शब्द काढला, योग्य खाण्याचंच वेड लागणं अशा अर्थाने. तो स्वतःही त्यातून गेलेला. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत ते वेगळं निदान म्हणून नाहीये, त्यामुळे कुणी नुसतं धाग्यावरून तुम्हाला ते चिकटवू नये आणि मीही चिकटवत नाहीये. तुमचं तर डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, ५.८ वर आणलंत, कौतुकच आहे.

फक्त एक विचारतो, उत्तर इथे द्यायची गरज नाही. डबा न्यायला मिळाला नसता तर तुम्ही नणंदेकडे गेला असतात का? 'गेले असते, निवडून खाल्लं असतं' असं असेल तर काही काळजी नाही. पण 'नसते गेले' असं असेल तर जरा थांबून बघा. मला कुणी विचारलं नव्हतं.

आता मी महिन्यातले दोन दिवस समोर येईल ते खातो. ठरवून नाही, बोलावणं येईल त्या दिवशी. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा हात कापत होता, खोटं वाटेल.


दोनपिल्लं:

अर्धाकप काकांना हजार वेळा अनुमोदन.

माझा प्रश्न मुलांचा आहे, धागा हायजॅक करत नाही, पण आमच्याकडे रणांगण आजी आजोबांच्या खोलीत आहे. मी घरात गोड आणत नाही, तर दुपारी झोपायच्या नावाखाली तिकडे चॉकलेटची देवघेव. मी भांडले, यादी लावली फ्रिजवर, कुणी काय द्यायचं नाही त्याची. परिणाम काय झाला तर सात वर्षांचा पोरगा चॉकलेटचे कागद घडी घालून पुस्तकाच्या कव्हरात लपवायला शिकला. चॉकलेट खाल्ल्याचं मला काही नाही वाटलं, त्या घडीने मला हलवलं. इतकी बारीक घडी.

मग एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंचं वाचलं, त्यांची वाटणी साधी आहे की काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, आणि त्यातलं किती खायचं किंवा खायचंच की नाही ते मुलाने. आता आठवड्यातून दोनदा गोड जेवणाबरोबरच ताटात असतं, बक्षीस म्हणून शेवटी नाही. दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर मी बघतच नाही त्यांच्या ताटाकडे. आजीआजोबांची यादी फाडली, त्याऐवजी रविवार त्यांचा. सासरे खूश. मी अजून थोडी धुसफुसते, पण कागद लपवणं थांबलं.

हो आणि साखर खाल्ली की मुलं पिसाळतात असं मीपण शपथेवर सांगायचे, आणि वाढदिवसाच्या पार्ट्यांना त्यावरून इतर आयांना सुनवायचे. १९९५ ला त्यावरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला होता, तसं काही सापडलं नाही. पिसाळतात ती वीस मुलं एका खोलीत कोंडल्यामुळे. दात किडतात ते वेगळं, ते खरंय. पण मी ज्यांना सुनवलं त्यांना आता काय तोंड दाखवू.


दीडशहाणा:

फ्रिजवर यादी, घरात गुप्तहेर, पुस्तकात कागद. तुमच्या घरावर वेब सिरीज निघेल.

रानजाई, तुमचं 'थोडंसं जमत नाही' वाचून माझं वरचं गणित मी अर्धं मागे घेतो. गणित बरोबर आहे पण ते थांबता येणाऱ्यांचं आहे. मला येतं थांबता, म्हणून मला सोपं वाटलं.


घड्याळजी:

परत आलो कारण सुगरण ताईंचं वाचून माझंच वाक्य खटकलं. 'मी खात नाही' ऑफिसात चांगलं आहे. ज्या बाईने सकाळपासून केलंय तिच्या तोंडावर 'मी खात नाही' म्हणजे दार आपटल्यासारखं आहे. तिथे बहुतेक 'आत्ता नको' किंवा 'आधी हे संपवते' हेच बरं. आणि दुसऱ्यांदा ती भाजी मागून घ्या जी तुम्हाला चालते. आग्रह करणाऱ्याला काहीतरी वाढायचं असतं, त्याला वाढू द्यावं.


सुगरण_नव्हे:

घड्याळजी, लाख बोललात. रिकामं ताट दिसलं की आमचा हात शिवशिवतो. ताट रिकामं ठेवूच नये, ज्याला कमी खायचंय त्याने हळू खावं आणि ताटात काहीतरी राहू द्यावं शेवटपर्यंत. माझे ते मावस दीर काकडीची एक फोड तासभर पुरवतात.

रानजाई, नणंदेला फोन कर. मेसेज नको.


रानजाई:

अपडेट द्यायला बारा दिवस लागले, सॉरी.

फोन केला. पहिले पाच मिनिटं नुसतं कसे आहात बरे आहात. मग मीच म्हटलं, त्या दिवशी डबा आणला ते चुकलं माझं, मला तुला आधी विचारायला हवं होतं. तर ती म्हणाली, "डब्याचं काय गं, डब्याचं मला एक मिनिट वाईट वाटलं. तू सगळ्यांसमोर ते परत परत तापवलेल्या तेलाचं बोललीस ना, त्या दिवसापासून आमच्या आई रोज येऊन कढईत बघतात. रोज! तेल आजचं आहे का कालचं. मी नवीन तेल ओतताना त्यांना बोलावून दाखवते आता."

मी इतकी हसले आणि मग तीपण हसायला लागली, आणि मग दोघी गप्प. म्हणाली रविवारी मुद्दामच नाही बोलावलं, म्हटलं आता हिला काय वाढायचं आणि ही काय बोलेल, टेन्शनच आलं. कुणाला माझं टेन्शन येतं हे मला नवीनच होतं. मी स्वतःला सगळ्यात कमी त्रास देणारी बाई समजत होते.

पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. सॅलड ती करणार, भाजी फोडणीआधी काढून ठेवणार, मी तासभर आधी जाऊन चिरायला बसणार. डबा आणलास तर चपलांच्या शेजारी ठेवीन म्हणाली. आणि तिच्या सासूबाईंना मी काही म्हणजे काही सांगायचं नाही अशी अट.

कोपऱ्यातले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीये कारण मला खरंच माहीत नाही. बहुतेक गेले असते. 'बहुतेक' लिहिलं हे तुम्हाला दिसेलच.

ऑफिसात 'मी खात नाही' एकदा वापरलं, चहाचा कप हातात धरून. चाललं. कुणी काहीच म्हटलं नाही, दोन मिनिटांत विषय बदलला. मग चार वाजता डेस्कवर एक तुकडा टिश्यूत गुंडाळलेला, वर चिठ्ठी, 'मुंग्यांसाठी'. म्हणजे ड्रॉवरचं सगळ्यांना माहीत होतं!!

आता पुढच्या गुरुवारी माझाच वाढदिवस आहे. केक आणू की फळं?


दीडशहाणा:

केक. फळं आणलीत तर मी त्या ऑफिसात नसूनही नाराज होईन.


अर्धाकप:

केक आणा पण लहान. उरला की तो तुमच्याबरोबर घरी येतो आणि रात्री अकरा वाजता फ्रिज उघडला की तिथे असतो. उरता कामा नये. (अनुभव.)


सुगरण_नव्हे:

दोन्ही आण गं. फळं चिरून आधी मांड, केक दहा मिनिटांनी बाहेर काढ. भुकेची माणसं समोर दिसेल ते पहिलं उचलतात, आणि तुझ्या हातात पण काहीतरी असेल.


रानजाई:

हे भारी आहे ताई, असंच करते. चिरायला सुरी ऑफिसात आहे का ते बघायला हवं.